आडनावाचा रकाना

शब्दामागे चार रुपये, शिक्क्याचे वेगळे.
स्पॅनिशमधून मराठी, मराठीतून स्पॅनिश,
डेक्कनला झेरॉक्सच्या दुकानावर माझी पाटी आहे.
गिऱ्हाईक बहुतेक गाड्यांचे सुटे भाग विकणारं.
म्हणून नुरिया जिना चढून आली तेव्हा वाटलं,
इथलीच कुणी, मुलीच्या क्लासची फी विचारायला आलेली.
तोंड उघडलं तर हाएनकडचं स्पॅनिश,
शब्दाच्या शेवटचा स गिळून टाकणारं.

पासपोर्टवर नुरिया एक्स्पोसितो कुएस्ता.
पहिलं आडनाव वडिलांचं, दुसरं आईचं.
"तिसरं असलंच," ती म्हणाली,
"तर ते नाना पेठेत असेल."

रिक्षाने गेलो.
संस्थेच्या भिंतीत पाळणा अजून आहे,
बाजूला घंटेचं बटण,
त्यावर पाणी पडू नये म्हणून
तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा.
ती बटणाकडे बघत राहिली. दाबलं नाही.

आत शहाणेबाईंनी चष्मा पुसत विचारलं,
"एक्स्पोसितो म्हणजे नक्की कोण?"

पुण्यात आडनाव विचारतात तेव्हा
आडनाव विचारत नसतात.
मी म्हटलं, आडनावाचं भाषांतर करत नाहीत, नियम आहे.
पण नुरियाला सूर कळला होता.
"बाहेर ठेवलेला," ती म्हणाली. "सांगा त्यांना."

सांगितलं.
पणजोबांचे वडील, ब्लास.
मठाच्या भिंतीत लाकडी फिरतं कपाट,
बाहेरून मूल ठेवायचं आणि ढकलायचं.
आतल्या बाईला हात दिसत नसे,
बाहेरच्या बाईला तोंड.
तारीख तीन फेब्रुवारी, संत ब्लासचा दिवस,
घशाच्या दुखण्यांवरचा संत,
म्हणून नाव ब्लास.
आडनावांपर्यंत संतांनी कोण पोचतंय,
त्या कपाटातून आत आले त्या सगळ्यांना एकच:
एक्स्पोसितो.
ऑलिव्हच्या घाण्यावर त्याने जन्म काढला.
पगाराच्या दिवशी मुकादम सगळ्यांची नावं भराभर वाचायचा,
ह्याचं जरा सावकाश.

पुढे कायदा आला, नको असेल त्याने बदलून घ्या, फी माफ.
ब्लासचा मुलगा कचेरीच्या रांगेत दोन तास उभा राहिला
आणि घरी निघून आला.
वेचणीचे दिवस होते, खोळंबा नको,
घरात कारण एवढंच सांगतात.
कुणाला ते पटलेलं नाही, पण आडनाव राहिलं.

"मग आजोबा, मग बाबा,
मग बाबांनी पुण्याहून आणलेली मी.
वर्गातल्या पोरांना वाटायचं
हे आडनाव मुद्दाम माझ्यासाठीच शिवून घेतलंय."
ती हसली.
शहाणेबाईंनी पाणी मागवलं, मग चहाही.

वही आली. खाकी पुठ्ठा, कडा कसरीने खाल्लेल्या.
नाव: हेमांगी. रात्रपाळीच्या आयाने ठेवलेलं.
वजन: दोन किलो शंभर.
अंगावर: फुलाफुलांचं झबलं, एका बाजूचा बंद तुटका.
आडनाव:
आणि पुढे निळ्या शाईची आडवी रेघ.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं आई म्हणायची.
मला ते तिला सांगावंसं वाटलं,
पण आडाची नुसती विहीर झाली
आणि आडनाव काठावरच राहिलं.
मी स्वतः वेळणकर.
त्या गावाला आयुष्यात दोनदा गेले,
दोन्ही वेळा घाटात बस लागली,
तरी सही करताना माझा हात कधी अडत नाही.
कुणीतरी कधीतरी कुठून तरी निघालं होतं
एवढ्या भांडवलावर.

नुरियाने रेघेवर बोट ठेवलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.
"ही तशीच उतरवा," म्हणाली,
"लांबीलाही तेवढीच."

रात्री टाइप केलं. एकशे बारा शब्द.
रेघ पट्टीने मोजून घेतली होती, साडेतीन सेंटिमीटर.
बिल करायला बसले आणि अडले,
तिचे चार रुपये लावायचे का.