एकशे ऐंशी मीटर

धुकं आहे की नाही, हे मनानं ठरवायचं नाही इथे.
केबिनच्या खिडकीतून एक खांब दिसला पाहिजे,
एकशे ऐंशी मीटरवरचा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा.
दिसला तर हवा स्वच्छ.
नाही दिसला तर रजिस्टर उघडायचं.

माहुलच्या खाडीवरून जानेवारीत जे उठतं
त्यात थोडं पाणी, थोडा चिखल,
थोडा रिफायनरीचा श्वास.
कशात काय किती, नियम विचारत नाही.
चार वाजून दहा मिनिटांनी खांब गेला.
आधी खालचा पट्टा, मग मधला,
मग उरली फक्त मला पाठ असलेली जागा.

हरचंद पाडवीला उठवलं.
हाकेनं तो उठत नाही, खांद्याला हात लावावा लागतो.
कानटोपी, हातबत्ती, तांबडा डबा.
डब्यात दहा फटाके, प्रत्येकाच्या पाठीवर जन्मसाल.
त्यानं मोजले, मी मोजले, त्यानं सही केली.
"आज माझेच पाय मला दिसत नाहीत, मॅडम,"
कुणी वेळ सांगावी तसं म्हणाला, आणि
तिसऱ्या पावलाला संपला.

सिग्नलच्या अलीकडे दोनशे सत्तर मीटर.
अंधारात मोजतोस कसं, मी विचारलं होतं एकदा.
"स्लीपर मोजतो. साडेचारशे झाले की थांबतो."
आणि चुकलं तर?
"परत सिग्नलपाशी. एकपासून."

रुळावर पहिला ठेवायचा, शिशाच्या पट्ट्या खाली वळवायच्या,
दहा मीटर सोडून दुसरा,
मग आपण पंचेचाळीस मीटर लांब जाऊन उभं राहायचं.
एकाला योगायोग म्हणता येतं,
म्हणून दोन.

पावणेसहाला वडाळ्याहून टँकरची गाडी सुटली,
सगळ्या वाघिणी रिकाम्या, म्हणजे वासानं भरलेल्या.
इंजिनात सिल्वेस्टर तुस्कानो, अर्नाळ्याचा.
माझ्या पॅनेलवर तो म्हणजे लाल ठिपक्यांची रांग
चौकोनातून चौकोनात सरकणारी.
पुढे शंटिंग संपलेलं नव्हतं. माझा सिग्नल लाल.
वॉकीटॉकीत नुसती खरखर.
मी खांब असतो तिकडे बघत राहिले.

ठाप्.
आणि जेमतेम एका श्वासानंतर
ठाप्.
चिखलावरचे सगळे रोहित एकदम उठले असावेत.
गुलाबी काहीच दिसलं नाही,
डोक्यावरून फक्त आवाज गेला
शेकडो ओल्या चादरी झटकल्यासारखा.
ब्रेक किंचाळले नाहीत; तुस्कानो घाई करणारा नाही.
चाकं बोलणं कमी करत गेली
आणि सिग्नलच्या अलीकडे कुठेतरी
एक लांब शिटी उभी राहिली.

सात पस्तीसला खांब परत आला.
हरचंदही आला. आठ फटाके परत,
आणि दोन काळवंडलेल्या, चपट्या टिकल्या.
"फुटले ना दोन्ही?"

अठरा हिवाळे तो हेच बांधतोय,
पंचेचाळीस मीटरवर उभा राहून.
तुला ऐकू नाही आलं?
"तळपायाला दोन आले," म्हणाला.
"पण तुमच्याकडून कळलेलं बरं."

मी दोन बोटं दाखवली.
तो हसला, टोपी काढली, चहाचं आधण ठेवायला गेला.
मार्चमध्ये त्याची वैद्यकीय तपासणी आहे.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
धुके, ४.१० ते ७.३५. फटाके खर्च, दोन.
'शेरा' या रकान्यावर पेन थांबलं.
खिडकीतून खांब आता लख्ख दिसत होता,
तिन्ही पट्ट्यांसकट.