विनातारण

त्या वसंतात मी स्कूटरच्या पेटीतून
पैसे वाहिले.
पैसे म्हणजे कागद, आणि कागदावर
दोन पूज्यं :
व्याज शून्य, तारण शून्य.
हमी सरकारची, शिक्का तुमचा,
घाई माझी.
दिवसाला अकरा दारं.

त्सुबामे म्हणजे पाकोळी.
आमच्या गावात उडतो तो धातूचा भुगा.
कुमाकुरा सेत्सुओंचा कारखाना,
कारखाना कसला, घराच्या पोटातली एक खोली,
दोन मोटारी, कापडी चाकं, काळवंडलेली खिडकी;
तिथे मास्क चाळीस वर्षांपासून होताच तोंडावर.
"आता सगळं जग पॉलिशवालं झालं,"
एवढंच म्हणाले ते.

लग्नं थांबली होती.
लग्नं थांबली की चमचे थांबतात
हे मला तोवर सुचलं नव्हतं.
शेवटची ऑर्डर कोपऱ्यात, दोरी बांधून,
वर योकोहामाच्या हॉटेलचा पत्ता,
जे हॉटेल फोन उचलत नव्हतं.

फॉर्म त्यांनी वाचला नाही.
मित्सुएबाईंनी वाचला, चष्मा कपाळावर ढकलून,
दोनदा.
"फेडायचं कधीपासून?"
तीन वर्षांनी.
"तेव्हा हे सत्तरीचे असतील."
त्यासाठी रकाना नव्हता.
मी लाल शाईची डबी पुढे सरकवली.

कर्जाचं काय केलंत, हे विचारणं माझ्या कामात येत नाही.
पण खिडकी रस्त्यावर होती.
चिनात्सु, एकोणीस वर्षांची, नुकती शिकायला लागलेली,
सकाळी आठला मोटार सुरू करायची
आणि काल घासलेले तेच शंभर चमचे
आज पुन्हा घासायची.
संध्याकाळी म्हातारा एकेक चमचा
दिव्याखाली तिरका धरायचा,
मान हलवायचा. उद्या परत.
हात विसरतात, म्हणे. डोकं विसरलं तर चालतं.
पगार पंचवीस तारखेला, न चुकता,
सरकारच्या शून्यातून.

छपरावरचं बर्फ किती वेळा ओढून काढलं
कोण मोजतो.
चमचे झिजत गेले.

मग लग्नं सुरू झाली, ऑर्डरी आल्या,
पण पोलादाचा भाव आधी येऊन बसला होता,
विजेचं बिल त्याच्या मांडीवर.
आणि मी आलो. तीच स्कूटर,
पेटीत हप्त्यांचं वेळापत्रक.
शून्याला मुदत असते;
लिहिलं होतं ते, बारीक अक्षरात,
मीच बोट ठेवून दाखवलं होतं.

मित्सुएबाईंनी पुडिंग दिलं,
त्या शंभरातल्या एका चमच्यासोबत.
ओठांना लागला तेव्हा कळलंच नाही
धातू कुठे संपला आणि गोड कुठे सुरू झालं.
"याच्यावर किती मिळतील?"
सेत्सुओंनी विचारलं.
तारण म्हणून?
ते हसले. मीही हसलो. मग दोघेही थांबलो.

अकरा हप्ते आले.
बारावा आला नाही, शटर खाली आलं.
हमी मंडळानं आमचे पैसे भरून टाकले,
बँकेचं काही बुडालं नाही.
म्हातारा आता त्या मंडळाला देतो, दरमहा थोडे,
पेन्शनीतून, पोस्टात रांग लावून.
तो आता माझा खातेदार नाही,
तरी रांगेत दिसला की मी वाकून नमस्कार करतो,
जरा जास्तच खाली.

चिनात्सु सान्जोच्या मोठ्या कारखान्यात आहे.
पहिल्या दिवशी फोरमननं तिचा चमचा
दिव्याखाली तिरका धरला
आणि विचारलं, कुणाकडे शिकलीस?
ती म्हणाली, बंद दुकानात.

फाइल मिटवताना मी पुन्हा बेरीज केली.
मुद्दल बरोबर. व्याज बरोबर.
तरी काहीतरी जुळत नाही,
हातचा धरायचा राहिलाय कुठेतरी.
खणात तो चमचा आहे, नोंद न केलेला.
दुपारी डबा संपल्यावर
मी तो हातात घेतो, इतका हलका
की दर वेळी वाटतं,
घेतलाच नाही.