उजवा वरचा कोपरा

तू विचारतेस, त्या काळातली कोणती नटी आवडायची.
खरं सांगू का, मरीसोल,
मी त्यांचे चेहरे धड पाहिलेच नाहीत.

टोलीडो, ओहायो. त्रेचाळीसचा नोव्हेंबर.
व्हर्जिल हॅच आरमारात गेला
आणि मिस्टर प्रूइटनी मला तिकीट-खिडकीतून उठवून
लोखंडी जिन्यानं वर पाठवलं.
दोन यंत्रं, वाळूची बादली,
भिंतीवर व्हर्जिलच्या हातची रंगवलेली पाटी:
इथे सिगरेट नको.
इथे बायका नकोत.
त्यातली पहिली सूचना मी पाळली.

वीस मिनिटांचं रीळ.
संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात
ठिपका येतो, मसुराएवढा, पापणी लवेपर्यंत.
दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची.
सात मोजायचे.
पुन्हा ठिपका, आणि पायाखालची कळ.
चुकलं तर पडदा पांढराफटक,
खाली सहाशे माणसं शिट्ट्या मारणार,
वर बाई बसलीय ना, दुसरं काय होणार!
मी तीन वर्षांत दोनदा चुकले.
व्हर्जिल किती वेळा, ते कुणी मोजलं नव्हतं.

म्हणून डोळ्यांत तेल घालून मी कोपराच पाहायचे.
मध्यभागी कुणी मिठीत घेई, कुणी थोबाडीत देई,
मला दिसायची नायिकेची टोपी, तीही अर्धी.
त्रेचाळीसला कोपऱ्यात क्रेनचा आकडा होता,
विमानाच्या पंखाचं टोक,
कारखान्याच्या छताच्या मळक्या काचा.
खालून बाईचा आवाज यायचा, कुणाला तरी हुकूम सोडणारा.
चव्वेचाळीसला नकाशे,
इस्पितळाच्या तंबूचं वाऱ्यानं फडफडणारं कापड.
मग सेहेचाळीस लागलं
आणि कोपऱ्यात पडदे आले, फुलाफुलांचे, झालरीचे.
फडताळाची वरची फळी, तिच्यावर ओळीनं डबे.
फ्रिजच्या माथ्याची गोलाई.
कोपरा इतका नीटनेटका झाला
की ठिपका सहज दिसू लागला.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

व्हर्जिल मार्चमध्ये आला.
डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं त्याला,
त्याच्यावर रागावताही येईना, हीच पंचाईत.
कार्बनच्या कांड्या कुठे, तेलाची कुपी कुठे,
सगळं मी त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून सांगितलं.
त्यानं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि दुसरी ओळ अंगठ्यानं घासायला लागला.
रंग पक्का होता.

मिस्टर प्रूइट म्हणाले, इर्मा,
मक्याच्या लाह्यांचं नवं यंत्र आलंय,
तेही विजेवरच चालतं.

पुढे मी तिकीट काढून खुर्चीत बसले,
आधी आंद्राशबरोबर, मग मुलींबरोबर, मग एकटी.
पडद्यावरच्या बाया नवरा सोडून निघाल्या,
कोर्टात उभ्या राहिल्या, बंदुका चालवल्या,
एक तर थेट अंतराळात गेली.
मुली रडल्या, टाळ्या वाजवल्या.
मी कोपरा पाहत होते.
वीस मिनिटं झाली की पाय आपोआप
खुर्चीखाली कळ शोधायचा, सांडलेल्या लाह्या तुडवत.
धाकटी इलोना कुजबुजायची, ममा, स्वस्थ बस ना.

आता म्हणे ठिपके उरले नाहीत,
सगळं सलग जातं.
असेल.
तो काठीवर मायक्रोफोन धरलेला मुलगा
तुझं बोट उठलं की हलतो, थांबतो,
मघापासून बघतेय मी.
तू त्याला पैसे नीट देतेस ना?

बरं, सुरू कर.
पण मला इतक्यात मध्यभागी नको बसवूस.
आधी त्या काचेतून बघ आणि सांग,
वर, उजवीकडे,
काय येतंय?