साडेतीन बोटं

रात्री तीनच्या सुमारास
माझ्या हातांची बोबडी वळते.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट,
आणि अनामिकेची अर्धी बाजू, अंगठ्याकडची.
साडेतीन बोटं. त्यांत मुंग्या,
मग आग, मग काहीच नाही.
करंगळी तेवढी शुद्धीवर.

ऐकणाऱ्या बायकांचा हात बधिरला
तर त्या नवऱ्याला हाक मारतात.
मी कशानं मारू?
माझी जीभ मनगटापासून सुरू होते.

पुंता अरेनासला वारा सुटला
की चौकात दोरखंड बांधतात,
माणसांनी धरून पलीकडे जावं म्हणून.
परवा मी धरला.
खाली पाहिलं,
तेव्हा कळलं की धरलाय.

सुईण नोर्माबाईंनी कागदावर चित्र काढलं:
मनगटात एक अरुंद बोळ,
त्यातून नऊ दोऱ्या आणि एक नस.
खाली लिहिलं, सातव्या महिन्यात अंगात पाणी साठतं.
बोळ तेवढाच राहतो.
मग दाटी होते, आणि चिरडते ती नस.
मी विचारलं, खेकड्यांमुळे?
आठ हंगाम मी थंडगार शेडमध्ये
तांबड्या खेकड्यांच्या तंगड्या फोडतेय,
दर मिनिटाला किती, ते विचारू नका.
त्यांनी खांदे उडवले, लिहिलं,
त्यांचाही हात आहे त्यात.
मग स्वतःच हसल्या आपल्या वाक्याला.

रात्री पट्टी बांध. मनगट सरळ ठेव.
झोपेत हात उशाखाली दुमडू नकोस.
जाग आलीच तर हात खाली सोडून झटक,
पारा उतरवायला थर्मामीटर झटकतात तसा.
आधी गार पाणी, मग कोमट.
दिवसा बसशील तेव्हा हात उशीवर, उंच.
कप हातातून पडायला लागले
तर तारखेची वाट बघू नकोस, ये.
बाळंतपणानंतर बहुतेकींचं ओसरतं.
'बहुतेकींचं' खाली त्यांनी रेघ मारली होती.
मी त्या रेघेकडे बघत बसले.

पट्टी निळी आहे, आत पत्र्याची पट्टी.
पहिल्या रात्री वाटलं,
तोंडाला फडका बांधलाय कुणी.
कारण दिवा मालवला की आम्ही दोघं
एकमेकांच्या तळहातावर बोलतो,
एलिएसेर आणि मी, अकरा वर्षं.
भांडणसुद्धा तिथेच,
तो माझी मूठ उघडतो
आणि आत आपलं म्हणणं ठेवून देतो.
आता तळहात अर्धा झाकलेला,
उरलेला अर्धा झोपलेला.
त्यानं काहीतरी लिहिलं.
मी पुन्हा म्हटलं. त्यानं पुन्हा लिहिलं.
पहाटे दिवा लावून विचारलं तेव्हा कळलं,
तो नुसता 'दुखतंय का' म्हणत होता.

बाळ बरगडीखाली मुठी मारतं.
ते ऐकेल की नाही, कुणी सांगितलेलं नाही.
बोलायला मात्र लागलंय.

आज मी तीनला उठले,
हात पलंगाखाली सोडून झटकले.
पलंग हादरला तसा तो जागा झाला.
दिव्याकडे गेला नाही.
अंधारात चाचपत आला,
पट्टी, पट्टीची कड, सुजलेली बोटं,
एकेक ओलांडत, बंद दारं बघत जावं तसा,
आणि शेवटच्या घरात उजेड दिसला.

करंगळीवर किती मावणार?
एक दाब, एक रेघ,
पेराशी थांबलेला अंगठा.
वारा? त्यानं विचारलं.
काच हलत होती, मला उशीतून कळत होतं.
अजून आहे, म्हटलं.
मग त्यानं आणखी काहीतरी लिहिलं,
लांबलचक, करंगळी संपली
तरी लिहीतच राहिला, तळहाताच्या कडेवरून
खाली, पट्टीच्या कापडावर,
जिथे मला काही लागत नव्हतं.

मी त्याला थांबवलं नाही.