मीठ आत्ता नको

कुकरची रिंग फाटली, तीही नेमकी आज.
रात्रभर भिजलेला वाघ्या घेवडा
परातीत टपोरून बसलाय.
अंगावर तांबडे पट्टे, कुणी काडीनं ओढल्यासारखे,
एकासारखा दुसरा नाही.
लक्ष्मीपुरीतला दुकानदार म्हणाला होता,
"कोरेगावचा हाय, नाव काढशीला."
कुणाकडं काढायचं, ते त्याला काय सांगू.

मालन सीपीआरला, रात्रपाळीवर.
सकाळी दारातनं "आलो" म्हणायची,
आमच्याकडच्या बायका असंच बोलतात.
चार दिवस नुसत्या चपला वाजतात.
भांडली असती तर बरं होतं,
भांडणात निदान शब्द असतात.

पहाटे पाचला पातेलं चढवलं.
पाणी बोटाच्या दोन पेरांवर, हळद, हिंग, चमचाभर तेल.
मीठ आत्ता नको, साल आखडतं,
हे तिचंच. बोलायची तेव्हाचं.

पहिल्या उकळीला फेस आला, काढला.
पुन्हा आला, पुन्हा काढला.
मग नुसती बुडबुड.
मी स्टुलावर.

अडतीस वर्षं लोखंड कातलं उद्यमनगरात,
केसाएवढा फरक बोटाला कळायचा.
मग हाताला कंप सुटला.
सोमवारी लेथ विकलं.
तिच्या पाटल्या मोडून घेतलेलं लेथ
तिला न विचारता.
टेम्पोत चढवताना चार माणसं लागली,
मला मात्र कुणी हात लावू दिला नाही.

दाणा चिमटीत दाबून बघितला.
आत अजून पांढरा खडा, तांदळाएवढा.
अजून नाही.

दस्तगीर दूध टाकायला आला, खिडकीतनं वाकला.
"मामा, एवढ्या पहाटे काय शिजवायलाईसा?"
"घेवडा."
"आन मामी?"
मी झाकण ठेवलं.

कांदा काळ्या कडेपर्यंत भाजला.
खोबऱ्याची वाटी ज्वाळेवर धरली, ती पेटलीच,
फुंकर मारून वाचवली.
लसूण सोलताना कंपाचा फायदा झाला म्हणा,
सालं आपोआप सुटत होती.
मिक्सर फिरवला तशी गल्लीतली कुत्री उठली.

आता चटणी.
एप्रिलात डंकावर स्वतः उभी राहून कुटून आणते,
संकेश्वरी दोन वाटे, ब्याडगी एक,
बाकीचं ती कुणाला सांगत नाही.
बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी:
ओला चमचा घालू नये.
चमचा सदऱ्याला पुसला. परत पुसला.
तेलात पडली चटणी आणि सगळं घर खोकलं,
वरच्या मजल्यावरचे कुलकर्णीसुद्धा.

घेवडा ओतला, गुळाचा बारका खडा टाकला.
आणि तेव्हा दिसलं, पट्टे गेलेत.
एकाही दाण्यावर नाहीत.
पळीनं ढवळून तळ बघितला, तिथंही नाहीत.
रस्सा तेवढा गडद.

साडेआठला चपला वाजल्या.
पिशवी खुंटीला, हातपाय धुणं, पंख्याखाली दोन मिनिटं.
भाकरी मला येत नाही,
कोपऱ्यावरच्या शेवंताकडनं चार आणल्या होत्या.
ताट पुढं सरकवलं.
तिनं वरचा कट बाजूला सारला,
दाणा बोटानं चिरडून बघितला,
आतला खडा शोधत होती, मला कळलं.
नव्हता.
तुकडा मोडला, बुडवला, खाल्ला.

"मीठ इसरलासा."

चार दिवसांत पहिले दोन शब्द.
मी उठलो, मिठाची बरणी शोधू लागलो,
समोरच होती, सापडेना.
तिनंच उठून घेतली,
चिमटीनं आधी माझ्या ताटात, मग तिच्या.

बराच वेळ नुसतं जेवण.
मग ताटाकडं बघतच,
"किती आलं त्याचं?"
मी आकडा सांगितला.
"फसलासा," म्हणाली,
आणि वाटी पुढं केली.