चौथा चॅनल

कुताइसीचं जुनं नाट्यगृह, दुसरा अंक.
चौथ्यावर खरखर.

नुगझारने मध्यंतरात सेल बदलले,
अँटेना लोखंडी खांबापासून हातभर सरकवला,
फ्रिक्वेन्सी दोनदा हलवली –
मघाशी राजाच्या तोंडून
टॅक्सीवाला बोलून गेला होता:
"पुलापाशी उभा आहे, या खाली."
लोक हसले. राजाही.

आता खरखर गेली.
पण हेडफोनमध्ये बारीक काही उरलंच.
वायर सैल?
कॅप्सूलमध्ये घाम?

विंगेत एतेरी, सत्तरीची,
कमरेला ट्रान्समीटर, बंद करायचा राहिलेला.
पुढच्या प्रवेशाचे संवाद घोकते आहे
आणि मध्येच, संहितेत नसलेलं,
एक नाव.
पुन्हा तेच नाव.

नुगझार हेडफोन मानेवर उतरवतो.
वहीत लिहितो:
चौथा. सेल नवे.