पान एकच्या आधी

मरोळच्या गाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही प्राणवायूचं यंत्र बनवतो.
यंत्र तयार आहे, खोकी आलीत,
पुस्तिका अडलीय सुरुवातीपाशी.

कारखानीससाहेबांना हवंय मनोगत,
कोट घातलेल्या फोटोसकट.
वकिलांना पानभर 'जबाबदार राहणार नाही'.
आणि सगळ्यांच्या वर, ठळक:
अभिनंदन!
ते माझंच. आधीच्या नोकरीत मिक्सरसाठी लिहिलेलं,
इथे तसंच चिकटून आलेलं.

कशाबद्दल अभिनंदन?
हे यंत्र हौसेनं कोण घेतं?

तक्रारींची वही काढली. मार्चमधली नोंद:
फिलोमिना कोरिया, चिंबई, रात्री दोन दहा.
"चार पानं वाचली बाई.
तुमची कंपनी जन्मली, तिचं बारसं झालं,
माझा नवरा इथे धापा टाकतोय.
आणि हे मधेमधे फुसकारतंय, बिघडलंय का?"
खाली शेरा: शंकानिरसन केले.

आपल्याकडे पोथीतसुद्धा आधी गणपती,
मग शारदा, गुरू, श्रोत्यांना विनवणी,
आणि मग कुठे कथा.
पण पोथी ऐकायला बसलेल्याला
दम लागलेला नसतो.

मनोगत गेलं शेवटी, वॉरंटीच्या मागे.
कोट जरा कापला गेला.
हवेतून नायट्रोजन धरून ठेवणारे पांढरे दाणे,
त्यांच्यावर दोन परिच्छेद लिहिले होते, जीव लावून.
तेही मागे.

पहिल्या पानावर आता:
भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.
विडी, अगरबत्ती, देवापुढचा दिवा
दुसऱ्या खोलीत

इथे हात थांबला.
दुसरी खोली नसेल तर?
या शहरात मी कुणासाठी लिहितेय?
खोडलं. 'यंत्र चालू असताना
घरात दिवा, मेणबत्ती लावू नका.'
देव समजून घेईल, हे वाक्य
मनात आलं. ते छापता येत नाही.

आणि शेवटची ओळ, फिलोमिनाबाईंची:
यंत्र थोड्या थोड्या वेळाने फुसकारेल.
घाबरू नका, तो त्याचा श्वास आहे.

साहेबांनी लाल पेनानं 'श्वास' खोडून
'आवाज' केलं.

बरोबर केलं.
त्या खोलीत रात्री दोनला
श्वास हा शब्द एकाच माणसाचा.